टेलिंग पाँडचा गाळ शेतात आला, भरपाई कुळाची की भाटकाराची?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका ताईंचे पत्र आहे. खनिज धुतल्यावर उरलेला तांबडा गाळ साठवायच्या टेलिंग पाँडचा बांध 2023च्या जुलैत फुटला आणि त्यांचे सरद शेत, म्हणजे पावसाळी भाताचे, गाळाखाली गेले. पुढच्या पावसाळ्यातही गाळ आलाच. शेत दिवंगत सासऱ्यांच्या नावे, कूळ म्हणून. कंपनीचा माणूस 25 हजार देतो म्हणतो, पण 'यापुढे तक्रार नाही' असे लिहून मागतो. भाटकार, म्हणजे जमीनमालक, म्हणतो, भरपाई मालकालाच मिळणार.

ताई, त्या कागदावर सही करू नका. तो गाळ वाळला की दगडासारखा होतो, पाणी मुरत नाही, भाताचे मूळ धरत नाही. शेत पुन्हा पिकते करायला किती वर्षे आणि किती पैसे लागतील हे ठरण्याआधीच तुमचा हक्क 25 हजारांत विकला जाईल.

भाटकाराचे म्हणणे चूक आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायदा, 2010च्या कलम 18नुसार मालकाप्रमाणेच बाधित व्यक्तीही अर्ज करू शकते. पीक तुमचे बुडाले, बाधित तुम्ही आहात. गोव्याच्या 1964च्या कूळ कायद्याने कुळाचा हक्क वारसांकडे येतो, म्हणून एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातल्या जमिनीच्या नोंदीवर) वारसांची नोंद करण्यासाठी मामलेदारांकडे आत्ताच अर्ज द्या.

'पाऊसच फार झाला' असे कंपनी म्हणेल. पण हरित न्यायाधिकरण कायद्याच्या कलम 17प्रमाणे अपघातात दोष कुणाचा हे न पाहता जबाबदारी ठरते, आणि गाळ बाहेर जाऊ न देणे हे खाणचालकाचे कामच आहे. दिवाणी कोर्टात जाऊ नका, अशा भरपाईचे दावे तिथे चालवायला मनाई करणारे कलम 29 आडवे येईल. न्यायाधिकरणाच्या पुण्याच्या खंडपीठात कलम 15खाली भरपाई आणि शेत पूर्ववत करून देणे, दोन्ही मागा. कंपनीबरोबर खाण खाते आणि प्रदूषण नियंत्रण मंडळालाही प्रतिवादी करा.

मुदत पाच वर्षे, तीही कारण पहिल्यांदा घडले तेव्हापासून. म्हणजे जुलै 2028. दरवर्षीच्या गाळाने मुदत नव्याने सुरू होते, या भरवशावर राहू नका.

गाळ काढण्याआधी तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या, कृषी खात्याकडे मातीचे नमुने द्या, थराला मोजपट्टी लावून फोटो काढा. पुरावा एकदा उपसून टाकला की परत येत नाही, माझी सगळ्यात मोठी काळजी हीच आहे. वकिलाच्या फीची चिंता नको: महिलेला उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळते. तालुका विधी सेवा समितीकडे उतारा आणि फोटो घेऊन जा.