घरपट्टी तुमची, घर कुणाचं?

पत्र वाईहून आलं आहे. लिहिणारे गृहस्थ ५१ वर्षांचे, साताऱ्याजवळच्या कारखान्यात नोकरीला, हातात महिना ६२ हजार. घर कौलारू, पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, सागवानी खांब, न्हाणीघर परसात. वडिलांनी १९७४ मध्ये विकत घेतलं तेव्हाच ते जुनं होतं. वडील २०१४ मध्ये गेले. आता घरात नवरा-बायको, बारावीतला मुलगा आणि ७४ वर्षांच्या आई, ज्यांना दम्याचा त्रास आहे. दोन बहिणी, एक पुण्याला, एक नाशिकला.

पाडव्याला काम काढायचं ठरलंय. ठेकेदाराने एकरकमी १८ लाख सांगितलेत. ५ लाखांची एफडी मोडायची, ५ लाख पॉलिसीचे येतील, उरलेल्या ८ लाखांचं पर्सनल लोन १४ टक्क्यांनी मंजूर आहे. "गृहदुरुस्ती कर्जासाठी बँक कागदांची फार कटकट करत होती, म्हणून तो नाद सोडला. सहा महिने १२ हजार भाड्याच्या घरात जावं, की अर्ध्या घरात राहून अर्ध्याचं काम करून घ्यावं, एवढंच सांगा. ७२ हजार वाचतात."

नमस्कार. विचारलंत ते आधी. एवढं मोठं काम काढायचं तर घर सोडा. ७२ हजार वाचत नाहीत. तुम्ही आत राहिलात की गवंडी एक खोली करणार, मग सामान हलवणार, मग दुसरी धरणार. सहा महिन्यांचं काम आठ-नऊ महिने चालतं आणि मजुरी चालूच राहते. आम्ही आमच्या जुन्या घरात हा प्रयोग केला आहे. पडवीत स्टोव्ह मांडून तीन महिने पिठलं-भात खाल्ला, त्या पिठल्यात सिमेंट किती होतं ते देव जाणे. जुनी भिंत फोडली की जी माती उडते ती दम्याच्या माणसाला सोसणारी नाही. इस्पितळाच्या एकाच खेपेत तुमची बचत संपेल.

आता न विचारलेलं. बँकेची कटकट कसली, हे तुम्ही एका ओळीत उडवलंत. मी उलट विचारलं तेव्हा तुमचं उत्तर आलं: "मालमत्ता पत्रकावर (प्रॉपर्टी कार्डावर) अजून वडिलांचं नाव आहे. पण घरपट्टी माझ्याच नावाने येते आणि बहिणी काही मागणार नाहीत."

साहेब, घरपट्टी कुणाकडून वसूल करायची एवढंच नगरपरिषदेला हवं असतं. ती पावती मालकीचा कागद नव्हे. वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नाही, घर त्यांच्या स्वकमाईचं. तुम्हाला लागू असलेल्या १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे ते गेले त्या दिवशी घराचे चार सारखे हिस्से झाले: आई, तुम्ही, दोन बहिणी. मुलींना हक्क २००५ नंतर आला, असं पारावर ऐकायला मिळतं. २००५ ची दुरुस्ती मुख्यतः वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतल्या जन्मसिद्ध हक्काची. वडिलांच्या स्वकमाईच्या घरात मुलीचा वाटा १९५६ पासून मुलाइतकाच आहे. फक्त राहत्या घराची वाटणी मुलगे स्वतः काढेपर्यंत मुलींना मागता येत नव्हती. ते कलम २३ होतं, आणि २००५ मध्ये तेही गेलं.

म्हणजे हिशोब असा: १८ लाख तुम्ही घालणार, त्यातले साडेतेरा लाख दुसऱ्यांच्या हिश्श्यावर. उद्या वाटणी झाली तर केलेला खर्च भरून मिळेलच, असं धरून चालू नका. बँकेने तेच पाहिलं आणि हात आखडला. पर्सनल लोनवाल्याने घर पाहिलंच नाही, तुमची पगाराची स्लिप पाहिली. म्हणून त्याला कटकट नाही. त्या 'सोयी'ची किंमत काढू. ८ लाख, पाच वर्षं, १४ टक्के: हप्ता सुमारे १८,६००, एकूण व्याज ३.२ लाख. तेच गृहदुरुस्ती कर्ज ९ टक्क्यांच्या आसपास मिळालं तर व्याज २ लाख. सव्वा लाखाच्या घरात फरक, आणि तुम्ही मला ७२ हजारांचं विचारताय. जुन्या करपद्धतीत दुरुस्तीच्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला ३० हजारांपर्यंत वजावट मिळते, पण तीही मालकाला.

बहिणी मागणार नाहीत, हे खरंही असेल. मग ते कागदावर येऊ द्या. आधी मालमत्ता पत्रकावर चौघांची वारस नोंद. ती नगर भूमापन कार्यालयात होते. मग बहिणींची खरोखर इच्छा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र. नुसत्या बाँडवर सह्या आणि नोटरीचा शिक्का, हा उद्योग करू नका. भावाच्या नावे मोबदल्याशिवाय सोडलेल्या वडिलोपार्जित हक्काला आपल्या राज्यात नाममात्र मुद्रांक लागतो, पण वडिलांच्या स्वकमाईचं घर त्यात बसतं का, हे वकिलाकडून आणि दुय्यम निबंधक कार्यालयातून आधी पक्कं करून घ्या. आईंना मात्र हिस्सा सोडायला लावू नका. ७४ व्या वर्षी राहत्या घरावरचा हक्क त्यांच्याकडेच असावा. त्यांना वाटलं तर त्या मृत्युपत्र करतील.

आणि बहिणींना विचाराल ते खरंच विचारा. भाऊबीजेच्या ताटात कागद सरकवून "इथे सही कर गं" म्हणणं म्हणजे विचारणं नव्हे. नाशिकच्या ताईंनी "माझ्या वाट्याचं काहीतरी दे" म्हटलं तर ते मागणं रास्त आहे, आणि मग तुमचे पहिले पैसे तिकडे जातील, टाइल्सकडे नाही. भिंती, जिना, छप्पर बदलायचं तर नगरपरिषदेची परवानगी लागेल, तिथेही मालकीचा कागद मागतील. तेव्हा ही वाट चुकवून जाता येणार नाही.

पॉलिसीबद्दल. पाच वर्षांपूर्वी बँकेतल्या माणसाने गळ्यात मारली, वर्षाला १ लाख, दहा वर्षं भरायची, आणि "पाच वर्षांनी सगळे काढता येतात" असं सांगितलं. काढता येतात, सगळे येत नाहीत. अशा पारंपरिक पॉलिसीत चौथ्या ते सातव्या वर्षात हमीचं सरेंडर मूल्य, म्हणजे पॉलिसी मधेच मोडली तर कंपनीला द्यावीच लागणारी रक्कम, भरलेल्या हप्त्यांच्या निम्म्याच्या आसपास असतं. कंपनी स्वतः काढते ते विशेष सरेंडर मूल्य थोडं जास्त निघू शकतं. ५ लाखांच्या जागी अडीच-तीन धरा. ज्याने विकली तो आता दुसऱ्या शाखेत असेल, नेहमीच असतो. सरेंडर मूल्य आणि पेड-अप मूल्य (हप्ते थांबवून पॉलिसी न मोडता तशीच ठेवली तर उरणारी रक्कम) दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी मागवा, आणि ते हातात पडेपर्यंत सहावा हप्ता भरू नका. हप्त्याच्या तारखेनंतर सवलतीचे दिवस असतात, त्यात निर्णय घ्या.

ठेकेदाराचे १८ लाखही १८ राहणार नाहीत. जुन्या घरात भिंत उकरेपर्यंत आत काय आहे ते कुणालाच ठाऊक नसतं. तुळईच्या टोकाला, जिथे ती भिंतीत शिरते, तिथेच वाळवी असते आणि ती बाहेरून दिसत नाही. शिवाय मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करणारा ठेकेदार असेल तर त्याला हात जोडा: आतली ओल कोंडते, दोन पावसाळ्यांत गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो आणि तेच काम पुन्हा करावं लागतं. चुन्याचं काम येणारा माणूस शोधा. पाव भाग वरखर्च धरला तर साडेचार लाख, पॉलिसीत कमी पडणारे दोन-अडीच. भोक जवळपास ७ लाखांचं. त्यात एफडी संपलेली, आणि मुलगा जूनमध्ये कॉलेजला. त्याची फी कुठून भरणार, याबद्दल पत्रात अक्षर नाही.

हे भोक होमस्टेने बुजेल असं तुम्ही पत्राच्या शेवटी सुचवलंय: वरच्या दोन खोल्या, महिना ४० हजार. पाचगणी-महाबळेश्वरला जाणारे शनिवार-रविवारी येतील हे धरून महिन्याला आठ रात्री, दोन खोल्या, दीड हजार दर: २४ हजार, तेही दोन्ही खोल्या दर वेळी भरल्या तर. त्यातून चादरी धुणं, नाश्ता, वीज, ॲपचं कमिशन, आणि परसातलं न्हाणीघर पाहुण्यांना चालणार नाही म्हणून वर दोन नवीन बाथरूम. हे उत्पन्न हप्त्याच्या हिशोबात शून्य धरा.

मग करायचं काय? पर्सनल लोन उचलू नका, मंजूर झालं म्हणजे घ्यायलाच हवं असं नाही. पाडव्याला मोठं काम काढू नका. कागद तोवर होणार नाहीत, आणि झाले तरी मृगाच्या आत छप्पर बंद होईल याची हमी तुमचा ठेकेदारही देणार नाही. या उन्हाळ्यात जे थांबू शकत नाही तेवढंच करा: कौलं चाळून फुटकी बदलणं, जुनी वायरिंग काढून अर्थिंगसह नवी, वाळवीचा बंदोबस्त. दोन लाखांच्या आसपास बसवा, एफडीतून द्या, उरलेली एफडी मुलाच्या फीसाठी राहू दे. मोठं काम दिवाळीनंतर, कागद हातात आल्यावर, गृहदुरुस्ती कर्जावर, आणि तेव्हा १२ हजार भाडं बिनतक्रार भरा.

या उन्हाळ्यातल्या कामाला घर सोडावं लागणार नाही. धूळ उडेल त्या पंधरा दिवसांपुरतं आईंना नाशिकला लेकीकडे पाठवा. पण हक्कसोडपत्राचं बोलणं त्यांच्याबरोबर निरोप म्हणून पाठवू नका. त्यासाठी तुम्ही स्वतः, वेगळे जा.