नोटीस येण्याआधी

प्रिय मुली,

गावात येऊ घातलेल्या कोळसा खाणीविरुद्धच्या मोर्चाच्या फलकावर काय लिहावं, असं विचारलं आहेस. ते तुम्ही पोरं माझ्यापेक्षा बरं लिहाल. माझी उभी नोकरी महसूल खात्यात गेली, तेव्हा मला कागदाचंच सुचणार. चंद्रपूर जिल्ह्यात जी गावं खाणीपायी उठताना पाहिली, त्यांतल्या कित्येक घरांचं नुकसान पहिला पोकलेन यायच्या आधी सातबाऱ्यावरच होऊन बसलं होतं.

जमीन आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन जमाना झाला, फेरफार कोणी केला नाही. भावाभावांत तोंडी वाटणी, बहिणींची नावं नाहीतच. एरवी हे खपून जातं. संपादनाची नोटीस आली की तेच घर तहसिलीच्या आवारात एकमेकांवर हरकती टाकत बसतं आणि मोबदल्याचा पैसा अडकून पडतो. म्हणून आधी वारस नोंदी करून घ्या, बहिणींसकट. सुरुवात तुझ्याच घरापासून कर. वडील कुरकुरतील, कुरकुरू देत.

आता कायद्याचं. शहरातून येणारे कार्यकर्ते तुम्हाला २०१३ च्या भूसंपादन कायद्यातली संमती सांगतील : खासगी कंपनीसाठी ८० टक्के जमीनधारकांचा होकार लागतो वगैरे. ते खोटं नाही. पण तुमच्याकडे कोळसा आहे, आणि सरकारने १९५७ चा कोळसा क्षेत्राचा कायदा लावला तर ही संमती कोणी विचारतच नाही. २०१३ च्या कायद्यातला मोबदला आणि पुनर्वसन तेवढं २०१५ पासून त्यालाही लागू झालं आहे. या जुन्या कायद्यात कलम ४ ची अधिसूचना म्हणजे कोळशाची चाचपणी, बोअर मारणं. कलम ७ ची, म्हणजे जमीन घेण्याच्या इराद्याची, निघाली की हरकतीला ३० दिवस. कलम ९ ची घोषणा राजपत्रात छापून आली की जमीन सरकारची, मग उभ्या धानात तुम्ही का असेना. गावात दवंडी पिटेल याची वाट पाहू नका. राजपत्र मोबाईलवर दिसतं. दर आठवड्याला ते उघडून बघायचं काम एका पोराच्या गळ्यात घाला. आणि ३० दिवसांत हरकत द्यायची तर कागद आधीच तयार असायला हवेत.

दोन एकरांमागे एक नोकरी, हा वेकोलिचा, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीचा हिशेब तुमच्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असेल. खाण खासगी कंपनीची निघाली तर तो लागेलच असं नाही, तिथे जे काय देणार ते लेखी घ्या. पण मला जास्त काळजी आहे ती या हिशेबात कुठेच न बसणाऱ्यांची. पाऊण एकरवाला. ठेक्याने किंवा बटईने वाहणारा, ज्याचं नाव सातबाऱ्यावर कधीच नसतं. मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावात मासे धरणारे ढिवर. गुराखी. मोहा आणि तेंदूपानावर चार महिने काढणाऱ्या बाया. जबरानजोतवाले, म्हणजे सरकारी किंवा जंगलाची जमीन पट्ट्याविना कसणारे. तीसेक वर्षांपूर्वी गावात आलेलं लोहाराचं घर. मोजणीवाले धुऱ्यावरून चालतात, त्यांना एवढंच दिसतं की हा गट क्रमांक कोणाचा. म्हणून एक जाड वही कर. घरटी एक पान. घरात कोण, काय करून खातात, कोणत्या महिन्यात काय मिळतं, पाणी कुठून आणतात, विहीर किती खोल, झाडं कोणती, जनावरं किती. फोटो काढा, तारीख घाला, घरमालकिणीची सही घ्या. पुढे पंचनाम्यात तुमच्या विहिरीला खड्डा म्हटलं, तर दाखवायला काहीतरी हातात असेल.

त्याच्याबरोबर तहसिलीतून निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्जची नक्कल काढ. चराई, सरपण, वाट, स्मशान, तलावाचं पाणी यांवरचे गावाचे हक्क त्यात लिहिलेले असतात. हल्लीच्या तलाठ्यांनाही तो बस्ता कुठल्या कपाटात आहे ठाऊक नसतं. नेटाने बसलं की सापडतं.

जंगल लागून असेल तर सामूहिक वनहक्काचा, म्हणजे साऱ्या गावाने मिळून जंगल वापरण्याच्या आणि राखण्याच्या हक्काचा, दावा आजच घाला. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला तो हक्क २००९ मध्ये मिळाला, तुमच्यापासून ते काही लांब नाही, जाऊन विचारा. २००६ च्या वनहक्क कायद्यात दाव्यांची पडताळणी पुरी होईपर्यंत कोणाला हटवता येत नाही. ओडिशात नियामगिरीच्या बॉक्साइटचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ग्रामसभांपुढे ठेवला आणि १२ च्या १२ सभांनी नाही म्हटलं. त्यावर तुमची पोरं फार विसंबली आहेत असं दिसतं. तिथे डोंगर हा डोंगरिया कोंधांचा देव होता आणि निकालात त्या श्रद्धेला मोठं वजन मिळालं. तुमच्या कोळशावर तसाच निकाल येईल असं धरून चालू नका.

वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सभासद हजर लागतात, त्यांत एक तृतीयांश बाया. ठरावाचं पुस्तक ग्रामसेवकाच्या पिशवीत फिरतं हे विसरू नकोस. ठराव लिहून झाला की मोठ्याने वाचून घे, शेवटच्या ओळीखाली रेघ मारून घे, सह्यांच्या मध्ये कोरी जागा सोडू देऊ नकोस, तिथेच फोटो काढ.

खाणीला पर्यावरण मंजुरी देण्याआधी जनसुनावणी होते, तिच्यात मतदान नसतं. हजार माणसांनी घोषणा दिल्या तरी इतिवृत्तात ‘काहींनी विरोध केला’ एवढंच येऊ शकतं. मुद्दे लेखी द्या, पोच घ्या, इतिवृत्त तिथेच वाचून दाखवायला लावा. जागेकडेही लक्ष ठेवा. सुनावणी प्रकल्पाच्या ठिकाणी किंवा जवळ व्हावी असा नियम आहे, तरी एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागड लोहखाणीच्या विस्ताराची सुनावणी २०२२ मध्ये गडचिरोलीला, जिल्ह्याच्या ठिकाणी झाली.

एक गोष्ट तुला आवडणार नाही. गावातल्या काहींना खरंच जायचं असेल. शेजारच्या खाणीच्या ब्लास्टिंगने भिंती तडकलेल्या, कापसाला भाव नाही, पोरगा बेकार. त्यांना दलाल म्हणू नकोस. दलाल वेगळे, ते तुला चहा पाजायला येतील. जायचं म्हणणाऱ्यांनाही वहीत पान दे आणि त्यांना काय हवं ते त्यांच्याच शब्दांत लिही, कारण चांगलं पुनर्वसन मागायचं झालं तरी हीच वही लागणार. शिवाय जायचं ठरलं म्हणजे गेलो, असंही होत नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २०४ कोळसापट्ट्यांचं वाटप रद्द केलं, त्यांत भद्रावतीकडचं बरांजही होतं. ती खाण काही वर्षं बंद पडली, पुढे पुन्हा सुरू झाली, आणि पुनर्वसनाचा प्रश्न लोंबकळत राहिला. अशा गावात कोणी पोरीचं लग्न जमवत नाही, घराला नवं छप्पर घालत नाही. म्हणून पुनर्वसनाची तारीख मागा, आणि ती चुकली तर काय देणार हेही लिहून घ्या.

धानाची कापणी आटोपली की बाया घरी सापडतील, तेव्हा वहीला सुरुवात कर. पहिली दहा पानं झाली की झेरॉक्स घेऊन ये, चुका मी लाल पेनाने दाखवीन. येताना तुमच्या घराचा आठ-अ, म्हणजे खातेउतारा, आण, फेरफाराचा अर्ज आपण इथेच बसून लिहू.

कळावे,
तुझा काका