१८ व्या वर्षी पीसीओडी निघाला, आई म्हणते मोबाईल आणि नूडल्समुळे झालं. खरं कारण काय?

तुला तू म्हणते हं, माझ्या भाचीएवढी आहेस. मी डॉक्टर नाही, पण हे दुखणं बाळगून मला चौदा वर्षं झाली आणि तुझी आई जे बोलली ते माझ्या आईने, काकूने, शेजारच्या काकूंनी, सगळ्यांनी बोलून झालंय, म्हणून लिहायला बसले.

आधी ते ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ घेऊ. माझी आत्या सातारकडे खेड्यात राहायची, शेतात राबायची, नूडल्स बघितलेसुद्धा नसतील. तिची पाळी तीन-तीन महिने यायची नाही आणि घरात सगळे म्हणायचे की हिच्या अंगात उष्णता आहे. हनुवटीवरचे केस ती दार लावून चिमट्याने काढायची हे मी लहानपणी फटीतून पाहिलंय, तेव्हा हसू आलं होतं, आता नाही येत. चाळिशीत तिला शुगर निघाली. पीसीओएसच (पीसीओडीचंच दुसरं नाव, ओव्हरी म्हणजे अंडाशय आणि हार्मोनचा बिघाड) होतं का ते आता कोण सांगणार, पण माझा रिपोर्ट आला तेव्हा बाबाच हळूच म्हणाले, आक्काचं पण असंच होतं. तोपर्यंत घरात सगळा दोष आईच्या माहेरावर गेला होता! हे बापाकडून पण येतं बरं का, बापाला किंवा भावाला पाळी नसते म्हणून कळत नाही इतकंच, त्यांच्यात ते पोट आणि शुगरच्या रूपात दिसू शकतं.

आणि आत्याच्याही कितीतरी आधी, १७२१ साली इटलीत वाल्लिस्नेरी नावाच्या डॉक्टरने एका तरुण शेतकरी बाईबद्दल लिहून ठेवलंय, लग्न झालेली, जरा जाड, मूल होत नव्हतं आणि ओव्हरी कबुतराच्या अंड्याएवढ्या. मग १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी अशा सात बायकांच्या केसेस छापल्या. म्हणजे आजार जुनाच आहे. आजीच्या पिढीत सोळाव्या वर्षी लग्न, मग बाळंतपणं आणि अंगावर पाजणं, त्यात पाळी आली नाही तर मोजणार कोण? सोनोग्राफी तर नव्हतीच.

आकडे वाढले त्यात थोडा व्याख्येचाही हात आहे. २००३ मध्ये रॉटरडॅमला ठरलं की तीनपैकी दोन गोष्टी असल्या की पीसीओएस म्हणायचं: पाळी अनियमित, पुरुषी हार्मोन जास्त (रक्तात किंवा केस-पिंपल्स दिसून), आणि सोनोग्राफीत तशा ओव्हरी. मुंबईत १५ ते २४ वयाच्या मुलींचा एक अभ्यास २०१४ मध्ये छापून आला, त्यात या निकषाने २२.५ टक्के मुलींना पीसीओएस निघालं आणि जरा कडक निकष लावला तर त्याच मुलींमध्ये १०.७ टक्के. आणि सोनोग्राफीवाले ‘गाठी’ म्हणतात ना त्या गाठी नसतातच, अर्धवट वाढून थांबलेली अंड्यांची बारीक पिशवी असते ती. मी तर रिपोर्ट बघून कॅन्सर समजून रडले होते.

आता खरं कारण. एकच असं नाही, पण बऱ्याच जणींमध्ये मुख्य भानगड इन्सुलिनची, म्हणजे रक्तातली साखर आवरणाऱ्या हार्मोनची असते. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड आणखी सोडतं, आणि ते जास्तीचं इन्सुलिन ओव्हरीला जाऊन सांगतं की टेस्टोस्टेरॉन, म्हणजे तो पुरुषी हार्मोन, बनव. वर लिव्हर जे प्रोटीन बनवून हे टेस्टोस्टेरॉन बांधून ठेवतं ते पण कमी होतं, मग ते मोकळं फिरतं, हनुवटीवर केस, पिंपल्स, अंडं पिकत नाही, पाळी लांबते. माझी मान मागून काळी पडायची तर आई दर रविवारी लिंबू आणि बेसन लावून घासायची, मळ आहे म्हणून. तो मळ नव्हता, ते इन्सुलिनचं लक्षण होतं आणि आम्ही दोन वर्षं घासत बसलो.

आपल्या लोकांमध्ये हे इन्सुलिनचं इतकं का, यावर पुण्यात केईएम हॉस्पिटलच्या डॉ. याज्ञिक यांनी १९९३ पासून आसपासच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांवर अभ्यास केला. बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची, पण आपल्या बाळांमध्ये कमी होते ते स्नायू, चरबी मात्र जवळजवळ तेवढीच. दिसायला बारीक, आतून चरबी. तो अभ्यास डायबेटीससाठी होता, पीसीओएससाठी नाही, पण मला त्यातून माझ्या घरचं बरंच कळलं. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २३ च्या वर गेला की जास्त वजन धरतात आणि ‘अगं तू तर बारीक आहेस, तुला कसं झालं’ याला अर्थ नाही.

मग मोबाईल नूडल्सचं काय? आई अगदीच चूक नाही. अशा शरीराला दिवसभर खुर्ची, रात्री दोनपर्यंत जाग, सकाळी मैदा आणि साखरेचा चहा दिला की इन्सुलिनचा घोळ वाढतो, जे गुपचूप राहिलं असतं ते बाहेर येतं. अपुऱ्या झोपेने इन्सुलिनचं काम बिघडतं हे सिद्ध झालंय. पण तुझ्या वर्गातल्या दहा जणी तेच नूडल्स खातात, त्यांना का नाही झालं? चिकनमधली इंजेक्शनं, उशिरा लग्न असल्या कारणांना काही पुरावा नाही. मला एका डॉक्टरबाईंनी तोंडावर सांगितलं होतं की लग्न कर, सगळं आपोआप ठीक होईल. झालं लग्न. पाळी आपली तशीच.

वजन जास्त असेल तर पाच-दहा टक्के कमी झालं तरी बऱ्याच जणींची पाळी सुधारते, माझी सुधारली, पण आधीच बारीक असशील तर उपाशी राहू नकोस.

आणि तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. पाळी तेराव्या वर्षी सुरू झाली लिहिलंयस, म्हणजे पाचच वर्षं झाली. पाळी सुरू होऊन आठ वर्षं होईपर्यंत सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरवू नये असं २०२३ ची आंतरराष्ट्रीय गाईडलाईन सांगते, कारण या वयात तशा ओव्हरी निरोगी मुलींच्यापण दिसतात. तुझ्या वयाला पाळी अनियमित आणि पुरुषी हार्मोन जास्त, दोन्ही पाहिजे. तेव्हा थायरॉईड, प्रोलॅक्टिन, टेस्टोस्टेरॉन आणि शुगर या रक्ताच्या टेस्ट झाल्यात का विचार, नसतील तर करून घे, मागच्या वर्षभराच्या पाळीच्या तारखा लिहून ने. आणि सलग तीन महिने पाळी आलीच नाही तर घरगुती काढे पीत थांबू नकोस, गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं, डॉक्टरकडे जाच.