ट्यूबलाइटसमोर धरून बघा ओढणी

मागच्या अंकात या पानावर मी सहज लिहून गेले होते की घरात एकटीने पढायच्या नमाजलाही ओढणी लागतेच. झालं, तेवढ्या एका वाक्यावर पत्रं आणि व्हॉट्सअॅपचे मेसेज एवढे आले की या वेळचं पान ओढणीलाच द्यावं लागतंय. त्यातले पाच प्रश्न घेतलेत. आणि नेहमीप्रमाणे सांगून ठेवते, मी मुफ्ती, म्हणजे फतवा देणारी, नाही, शाळेत मराठी शिकवणारी बाई आहे, दीन (धर्म) घरात आणि आमच्या मोहल्ल्यातल्या आलिमा (धर्माचं शिक्षण घेतलेल्या) आपांसमोर बसून शिकलेय. मामला अडचणीचा असेल तर आपापल्या आलिमांना विचारायचंच.

प्रश्न : आपा, मी मूळची मनमाडची, कॉलेज रोडला पीजीत राहते. रूममेट गावी गेली की मी एकटीच. दार लावलेलं, पडदे ओढलेले, कधी कधी लाइट पण बंद असते. मग इशाच्या (रात्रीच्या) नमाजला डोकं झाकायचं ते कोणासाठी, बघतंय कोण? आणि दुसरं, मला रात्री केस मोकळे सोडून पडल्या पडल्या तस्बीह पढायची (माळेवर अल्लाहचं नाव घ्यायची) सवय आहे, तर दादी म्हणते उघड्या डोक्याने पढलं की फरिश्ते (देवदूत) निघून जातात. आता रोज तस्बीह हातात घेतली की टेन्शन येतं. *(कॉलेज रोड, नाशिक)*

उत्तर : बघत कोणीच नाही गं, पण नमाजची ओढणी बघणाऱ्यांसाठी नसतेच मुळी. आपण काय केलंय, दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी केलीय. एक असतो पर्दा, तो गैरमहरम, म्हणजे ज्यांच्याशी लग्न होऊ शकतं अशा माणसांसमोरचा. कुराणातल्या सूरह नूर या अध्यायाच्या 31व्या आयतीत ओढण्या छातीवर घ्यायचं जे आलंय ते त्याबद्दलचं, आणि त्याच आयतीत बाप, भाऊ, सासरा, मुलगा अशी यादी देऊन त्यांच्यासमोर सूट पण दिलीय. दुसरं असतं नमाजचं सतर, म्हणजे अंगाचा जो भाग नमाजमध्ये झाकलेला पाहिजे तो. ते वुजूच्या (नमाजआधी हात, तोंड, पाय धुण्याच्या) रांगेतलं आहे. तू एकटी आहेस म्हणून बिनवुजूची नमाज होते का? नाही ना, मग तसंच हे. नबींच्या पत्नी हजरत आयशा रजि. यांच्याकडून आलेली हदीस (नबींचं वचन) अबू दाऊद आणि तिर्मिजी या दोन्ही हदीससंग्रहांत आहे, की बालिग (वयात आलेल्या) बाईची नमाज अल्लाह ओढणीशिवाय कबूल करत नाही. त्यात घरात कोणी असलं तर, किंवा उजेड असला तर, असं काही म्हटलेलं नाही. म्हणून अंधाऱ्या खोलीत, कडी लावून, एकटीने पढलीस तरी ओढणी पाहिजे.

आता ओढणी म्हणजे किती, तर चेहरा आणि मनगटापर्यंतचे हात सोडून सगळं झाकलं पाहिजे, पायांचं पुढच्या प्रश्नात येतंच. बऱ्याच मुली डोक्यावर ओढणी टाकतात आणि कान बाहेर, मान बाहेर, खाली वेणी लोंबतेय. ते चालत नाही, कान, मान आणि लोंबणारे केस पण आत घ्यायचे.

आणि कापड बघ. ही माझी स्वतःचीच चूक सांगते. लग्नात मिळालेली फिकट गुलाबी जॉर्जेटची ओढणी होती, तिच्यात मी तीनेक वर्षं नमाज पढले, हलकी म्हणून आवडायची. एकदा आमच्या खाला घरी आल्या, मगरीबच्या (सूर्यास्तानंतरच्या) नमाजला माझ्या बाजूला उभ्या राहिल्या, सलाम फेरून नमाज संपल्यावर काही न बोलता माझ्या डोक्यावरची ओढणी काढली आणि ट्यूबलाइटसमोर धरली. पलीकडचं कॅलेंडर दिसत होतं, तारखासुद्धा वाचता येत होत्या. ज्या कापडातून केसांचा किंवा कातडीचा रंग कळतो ते कापड सतर म्हणून धरतच नाहीत, म्हणजे आतापर्यंत मी जवळजवळ उघड्या डोक्याने उभी राहत होते. त्या नमाजांचा हिशोब मी नंतर आलिमा आपांना विचारून हळूहळू पूर्ण केला, ते असो. पण तू आज रात्री तुझी ओढणी लाइटसमोर धरून बघ. दिसत असेल तर दुहेरी कर नाहीतर सरळ सुती घे. मालेगावच्या बाजूला पॉपलिनची साधी ओढणी मिळते तिला तोड नाही, रुकूत वाकलं तरी जागची हलत नाही, जॉर्जेट आणि शिफॉन मात्र रुकूत गेलं की घसरून थेट सजद्याच्या, म्हणजे कपाळ टेकायच्या जागेवर.

घसरली तर? हनफी मजहबमध्ये (मजहब म्हणजे धर्मनियमांची एक परंपरा) हिशोब असा आहे की एखाद्या अवयवाचा चौथा हिस्सा उघडा पडला आणि तीन वेळा सुबहानल्लाह म्हणण्याएवढा वेळ तसाच राहिला तर नमाज जाते. म्हणजे केसांची एखादी बट बाहेर आली की सलाम फेरून पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही, हात वर करून नीट कर आणि पुढे चल. काही मुली एका नमाजला चार चार वेळा नियत बांधतात, अगं तो वसवसा (मनातली उगाचची शंका) आहे.

राहिली तस्बीह. दादींचा मान ठेवून सांगते, जिक्र (अल्लाहचं स्मरण), दुआ, दरूद (नबींसाठीची दुआ), इस्तिगफार (माफी मागणं) यांना ओढणीची शर्त नाही. वुजूची पण नाही. हजरत आयशा रजि. म्हणतात की नबी करीम स.अ.व. आपल्या प्रत्येक हालतीत अल्लाहचा जिक्र करायचे, ही सहीह मुस्लिम या संग्रहातली हदीस आहे. मग पडल्या पडल्या, केस विंचरताना, भांडी घासताना, सगळं चालतं. फरिश्त्यांची गोष्ट दादींनी मनाने नाही काढलेली. सीरतच्या (नबींच्या चरित्राच्या) जुन्या किताबात एक किस्सा येतो, नबींवर वही, म्हणजे अल्लाहचा संदेश, यायला नुकती सुरुवात झाली होती तेव्हा येणारा फरिश्ता आहे की शैतान हे बघायला त्यांच्या पत्नी हजरत खदीजा रजि. यांनी डोक्यावरची ओढणी दूर केली आणि तो दिसेनासा झाला, त्यावरून त्यांनी ओळखलं की हा फरिश्ताच. मोहल्ल्यात फिरत फिरत त्या किस्स्याचा नियम झाला. पण त्याची सनद (सांगणाऱ्यांची साखळी) मजबूत मानत नाहीत, आणि समजा किस्सा घेतला तरी त्यातून जिक्रला डोकं झाकायची शर्त निघत नाही. खांद्यावर बसून लिहिणारे फरिश्ते तर आपण न्हाणीघरातून आलो काय आणि झोपलो काय, ड्यूटी सोडत नाहीत. दादींसमोर मात्र पढताना डोक्यावर घेत जा, त्यात तुझं काय जातंय, आणि त्या नसताना केस मोकळे ठेवून खुशाल पढ. ओढणी उशाशी सापडली नाही म्हणून तस्बीहच सोडून दिलीस तर मात्र घाटा तुझाच.

प्रश्न : आमच्या घरात रोजची कटकट आहे. सासूबाई कोकणी, माझं माहेर धुळ्याचं. मी नमाज पढताना पाय उघडे असतात, तर सासूबाई म्हणतात तुझी नमाजच होत नाही, माझ्या आईने तर मला असंच शिकवलं. कोण बरोबर? *(जुने नाशिक)*

उत्तर : दोघी. नाशकात हा प्रश्न येणारच, कारण इथे कोकणी घरं पिढ्यान् पिढ्यांची आहेत आणि ते शाफई मजहबचे, तुमच्या माहेरचे हनफी असणार. हनफींकडे बाईच्या पायाचे पंजे नमाजच्या सतरमध्ये धरत नाहीत, शाफईंकडे धरतात, तळव्यासकट. नबींच्या पत्नी हजरत उम्मे सलमा रजि. यांच्याकडून एक रिवायत (हदीस) आहे की बाईने इजार (कमरेखालचं वस्त्र) न घालता नुसत्या झग्ग्यात आणि ओढणीत नमाज पढावी का, तर झग्गा इतका लांब असेल की पायांचा वरचा भाग झाकला जाईल तर हो. शाफईंच्या बाजूचे उलमा (आलिम लोक) तिचा आधार घेतात. शाफईंकडे तो चौथ्या हिश्श्याचा हिशोब पण नाही, थोडंसं उघडं पडलं तरी लगेच झाकावं लागतं. म्हणून तुमच्या सासूबाई एवढ्या बारकाईने बघतात, त्यांना तसंच शिकवलंय, तुम्हाला त्रास द्यायला नाही. (निदान या बाबतीत तरी नाही!)

हनफींचे इमाम अबू हनीफा गेले इस्लामी सन 150 हिजरीत आणि शाफईंचे इमाम शाफई जन्मले त्याच 150 हिजरीत. दोघांची कधी गाठ पडली नाही आणि तुमच्या स्वयंपाकघरात मात्र रोज पडतेय. मोजे घाला ना. शंभर रुपयांत तीन जोड मिळतात, मुसल्ल्याच्या (नमाजच्या चटईच्या) घडीत एक जोड ठेवून द्या. तुमची नमाज तुमच्या मजहबप्रमाणे आधीच होत होती, मोज्यांनी ती बिघडत नाही आणि सासूबाईंना पण शांतता.

प्रश्न : मी रोज नाशिक-मालेगाव एसटीने अपडाऊन करते, नोकरी आहे. चांदवड येईपर्यंत मोबाईलवर कुराण पढते. खिडकीच्या वाऱ्याने ओढणी मागे जाते, मग मी अॅप बंद करते, परत ओढणी घेते, परत चालू करते. घरात पण कणीक मळताना तोंडपाठ सूरह म्हणत असते तेव्हा डोक्यावर काही नसतं. गुनाह होतोय का? *(नाशिक रोड)*

उत्तर : नाही. तिलावतला (कुराण पढण्याला) डोकं झाकणं हा अदब आहे, शर्त नाही. अदब म्हणजे छोटी गोष्ट असं नाही म्हणत मी, आपण मोठ्या माणसासमोर बसताना नीट बसतोच ना, तसं रिहलवर (कुराण ठेवायच्या घोडीवर) कुराण उघडून घरात बसलात तर वुजू करा, ओढणी घ्या, जीव लावून पढा. पण वाऱ्याने ओढणी गेली म्हणून आयत अर्धी सोडायची गरज नाही, आयत पूर्ण करा मग हात वर न्या. एसटीतला पर्द्याचा भाग वेगळा, तिथे गैरमहरम आहेत म्हणून ओढणी हवी, त्याचा तिलावतशी संबंध नाही. वुजू कुराणाला हात लावायला लागतो, तोंडपाठ म्हणायला नाही. मोबाईलच्या काचेला बरेच उलमा मुसहफ (कुराणाची प्रत) धरत नाहीत, तरी वुजू असला तर छानच. आणि कणीक मळताना म्हणता ते तर मला फार आवडलं, भाकरीला बरकत असेल तुमच्या घरी. पाळीच्या दिवसांत मात्र हनफी आणि शाफई दोघांकडे तिलावत नाही, तेव्हा दुआ आणि दरूद पढा, त्याला काही अडचण नाही.

एक जागा सांभाळा. सजद्याची आयत (जी पढली की सजदा करायचा असतो) आली, समजा सूरह अलक म्हणत होतात आणि शेवटच्या आयतीवर पोचलात, तर तो सजदा नमाजसारखाच, वुजू पाहिजे, किबल्याकडे (मक्केच्या दिशेला) तोंड पाहिजे, ओढणी पण नीट पाहिजे. बसमध्ये कुठे करणार. घरी गेल्यावर करा, उशीर चालतो, फक्त विसरू नका. हनफींकडे अशा 14 जागा आहेत आणि सजदा वाजिब (करायलाच हवा असा) आहे. मी मोबाईलवर अलार्म लावते, तुम्ही ओढणीच्या टोकाला गाठ मारा.

प्रश्न : मी मुस्लिम नाही, पण तुमचं पान वाचते. शेजारच्या भाभी माझ्याशी बोलत असताना अजान झाली की पटकन डोक्यावर पदर घेतात आणि गप्प होतात. मी पण घ्यावा का, न घेतल्याने अपमान होतो का? *(पंचवटी)*

उत्तर : अजिबात नाही हो ताई, तुम्ही फक्त मिनिटभर बोलणं थांबवलंत तरी भाभींना बरं वाटेल. खरं तर त्यांनाही डोक्यावर घेणं बंधनकारक नाही. अजान ऐकली की मुअज्जिन (अजान देणारा) जे म्हणतो ते आपण हळूच म्हणायचं, एवढं हदीसमध्ये आहे, म्हणून त्या गप्प होतात. पदर घेणं ही आपल्या इकडची रीत. तुमच्या आजी तिन्हीसांजेला दिवा लावताना पदर डोक्यावर ओढून घ्यायच्या का? माझ्या शेजारच्या काकू घ्यायच्या, आणि नेमकी त्याच वेळी आमच्याकडे मगरीबची अजान व्हायची, तर भिंतीच्या अलीकडे अम्मीचा आणि पलीकडे काकूंचा, दोन्ही पदर एकदमच वर जायचे.

प्रश्न : वुजू केल्यावर डोक्यावरून ओढणी पडली तर वुजू तुटतो असं ऐकलंय. मी थंडीत ओढणीवरूनच ओला हात फिरवते, म्हणजे काढायची भानगड नको. आणि आपा, खरं विचारायचंय ते वेगळंच. अम्मीचे केमोने सगळे केस गेलेत. ओढणी टोचते म्हणते, टोपी पण नको वाटते, पडून नमाज पढते. केसच नाहीत तर झाकायचं काय, असं रडत विचारत होती. *(वडाळा रोड)*

उत्तर : आधी तुझं. ओढणी पडल्याने वुजू तुटत नाही. पण ओढणीवरून मसह (वुजूत डोक्यावर ओला हात फिरवणं) होत नाही, हात आत घालून डोक्याला लागलाच पाहिजे, हनफींकडे निदान चौथा भाग. अंबाडा सोडायची गरज नाही.

आता अम्मी. केस नसले तरी डोकं सतरमध्ये आहेच, पण अल्लाह कोणावर झेपेल त्यापेक्षा जास्त ओझं टाकत नाही, सूरह बकराच्या 286व्या आयतीत आहे. ज्या दिवशी कातडी एवढी दुखतेय की कापड सहनच होत नाही, त्या दिवशी जेवढं झाकता येईल तेवढं झाकून पढू दे, तिची नमाज आहे. तिला हे आधी सांग, रडू थांबव.

मग कपाटातलं एखादं जुनं सुती पातळ काढ, पन्नास धुण्यांनी मऊ झालेलं, काठ काढून टाक, टोचतात ते काठच. दोन घड्या कर म्हणजे आरपार दिसणार नाही. नमाजच्या आधी ते उशीवर पसर आणि त्यावर अम्मीला डोकं ठेवू दे, वरून काही ओढायचं नाही. मग एक टोक उजवीकडून आणि एक डावीकडून, कानांवरून, कपाळाला घासू न देता हनुवटीखाली आण आणि गळ्यावर नुसतं एकावर एक ठेव. पिन नको, गाठ पण नको. पडून पढणाऱ्या माणसाची ओढणी घसरून जाणार कुठे.