काळी शिंगरी पांढरी का होते आहे?

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी सारंगखेड्याच्या बाजारातून आठ महिन्यांची शिंगरी घेतली. पावतीवर रंग 'काळा' लिहिलाय. आता तिच्या तोंडावर, मानेवर पांढरे केस भरत चाललेत. वडील म्हणतात, रंग लावून विकली. आम्ही फसलो का? – एक वाचक, शिरपूर

उत्तर : वडिलांना सांगा, रंग लावला असता तर पहिल्याच केसगळीला उघडा पडला असता. घोड्याचे अंगावरचे केस वर्षातून दोनदा बदलतात. तुमची शिंगरी सब्जा आहे. सब्जा घोडा जन्मतो काळा, कुमैत (तपकिरी-तांबडं अंग, काळी आयाळ-शेपूट) किंवा तांबूस, आणि मग वर्षागणिक पांढरा होत जातो. सहा ते दहा वर्षांची होईल तेव्हा ती जवळजवळ दुधासारखी दिसेल. कातडी मात्र काळीच राहील.

हे शिंगरू लहान असतानाही ओळखता येतं. डोळ्यांभोवती पांढऱ्या केसांचं कडं दिसतं, जणू चष्मा घातलाय. त्याहून पक्की खूण म्हणजे आई-बाप. दोघांपैकी एक तरी सब्जा असल्याशिवाय शिंगरू सब्जा होत नाही. 2008 मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी यामागचा जनुकातला बदल शोधला. जगातल्या सगळ्या सब्जा घोड्यांमध्ये तो एकच आहे, एकाच पूर्वजाकडून आलेला. म्हणून बाजारात मी आधी विचारते, 'आई कुठाय हिची?' विकणाऱ्याने आई दाखवली असती, तर तुमच्या घरातला हा वाद झालाच नसता. त्याने मुद्दाम लपवलं की त्यालाच ठाऊक नव्हतं, हे पावतीवरून ठरवता येणार नाही.

माझे वडील नाशिकला टांगा चालवायचे. घोडा बघायला गेले की आधी त्याचा ओठ उलटून बघायचे. लोकांना वाटे, दातांवरून वय बघताहेत. ते बघायचे कातडी. सब्जा आणि नुकरा यांतला फरक तिथेच कळतो : नुकऱ्याची कातडी गुलाबी असते, ओठांवर, डोळ्यांभोवती, शेपटीखाली, सगळीकडे, आणि तो जन्मापासूनच पांढरा असतो. उन्हात त्याचं नाक भाजतं, म्हणून लग्नाच्या वरातीत भर दुपारी उभ्या केलेल्या नुकऱ्या घोड्या बघून मला फार वाईट वाटतं. घोडी अंगभर ओली केली की फरक आणखी स्पष्ट होतो. सब्जा ओली झाली की राखी दिसते, नुकरा गुलाबी.

रंग लावण्याचे प्रकार होतात, हेही खरं. एकदा एका घोडीच्या पायाला ओला कापूस फिरवला, तर कापूस काळा झाला आणि खाली पांढरा मोजा, म्हणजे पायावरचा पांढरा पट्टा, निघाला. पण तो तुमचा प्रकार नव्हे.

आता तीन कामं करा. पावतीवर रंगासोबत केसांचे भोवरे लिहून घ्या : कपाळावर किती, मानेच्या कोणत्या बाजूला. केसांचा रंग बदलतो, पण भोवरा जन्मभर जागचा हलत नाही. कपाळावरचा टिळा, पायांचे पांढरे मोजे यांचे फोटो आत्ताच काढून ठेवा. सगळं अंग पांढरं झालं की ते दिसेनासे होतात. आणि तिसरं, सर्वांत महत्त्वाचं : ती मोठी झाली की दर महिन्याला शेपटी उचलून खालची कातडी चाचपा. सब्जा घोड्यांना उतारवयात तिथे काळ्या गाठी येतात, पंधरा वर्षांवरच्या बहुतेकांना. बऱ्याच गाठी वर्षानुवर्षं त्रास देत नाहीत, पण वाढलेली गाठ लपवून घोडी जुंपणारे मालक मी पाहिलेत. गाठ हाताला लागली की त्याच आठवड्यात डॉक्टरला दाखवा.

प्रश्न : जेजुरीला तळी भरताना खंडोबाचा 'निळा घोडा' म्हणतात. निळा घोडा असतो का? – एक वाचक, बारामती

उत्तर : असतो, आणि वरच्या पत्रातली शिंगरी काही काळाने तशीच दिसेल. काळे आणि पांढरे केस मिसळले की दुरून निळसर झाक येते. राजस्थानातही महाराणा प्रतापांच्या घोड्याला 'नीला' म्हणतात, तोही याच अर्थाने. माझ्या मते देवाचा घोडा ऐन तारुण्यातला सब्जाच आहे.

प्रश्न : कुमैत आणि सुरंग यांत माझी नेहमी गल्लत होते. – एक वाचक, नांदेड

उत्तर : अंगाकडे बघूच नका, दोघेही तपकिरी-तांबडे. आयाळ, शेपूट आणि गुडघ्याखालचे पाय बघा. ते काळे असतील तर कुमैत. आयाळ-शेपूट अंगाच्याच रंगाची किंवा फिकट, आणि पायांवर काळं कुठेच नाही, तर सुरंग. कुमैताच्या पायात पांढरे मोजे असले तर आयाळीवर भरवसा ठेवा. काळसर कुमैताला तेलिया कुमैत म्हणतात. तो काळा वाटतो, पण उन्हात उभा केला की नाकपुड्यांपाशी आणि कुशीत तपकिरी उजळतं. सुरंग नर आणि सुरंग मादी यांची पिल्लं सुरंगच होतात, त्यामुळे अशा जोडीचं कुमैत शिंगरू कोणी दाखवलं, तर बाप दुसरा आहे.

सरावासाठी 26 जानेवारीचं संचलन बघा. राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलाचे घोडे कुमैत असतात आणि बिगुलवाल्याचा एकटा सब्जा.