वाचक विचारतात: सेकंडहॅण्ड डिझेल बोट घेऊन राहिलो, कोणती घेऊ?

प्रश्न: नमस्कार दादा. आम्ही तिघं साडू, तिघंही नागपूरचेच, मिळून एक जुनी मोटर यॉट घ्यायचं पाहून राहिलो. ऑक्टोबर ते मे मध्ये मुंबईहून अलिबाग, मुरुड, हर्णै, जमलं तर रत्नागिरीपर्यंत फिरायचं, रात्री बोटीतच झोपायचं असा बेत आहे. दोन बोटी नजरेत आहेत. एक 38 फुटी, 2010 ची, 300 हॉर्सपॉवरची दोन डिझेल इंजिनं, फक्त 400 तास चाललेली, आतून एकदम हॉटेलसारखी. दुसरी 34 फुटी, ट्रॉलर टाइप म्हणजे मच्छीमार बोटीच्या धाटणीची संथ चालणारी, एकच 120 हॉर्सपॉवरचं इंजिन पण 2600 तास झालेत आणि दिसायला साधी. सगळे म्हणतात कमी तासवाली घ्या. तुम्ही सांगा. (धरमपेठ)

उत्तर: भाऊ, दुसरी घ्या, म्हणजे तपासून पास झाली तर घ्या, आणि पहिलीचे ते 400 तास हीच तिची सगळ्यात मोठी काळजी आहे असं माझं ठाम मत आहे. इतक्या वर्षांत 400 तास म्हणजे वर्षाला तीस तासही नाही, बाकी सगळा वेळ ती खाऱ्या पाण्यात नुसती उभी. डिझेल इंजिन चालवून जेवढं झिजतं त्याच्यापेक्षा समुद्रावर उभं राहून जास्त खराब होतं. खारं पाणी इंजिन गार करणाऱ्या हीट एक्स्चेंजरमध्ये साचून राहतं, पाण्याच्या पंपातल्या रबरी चाकाची म्हणजे इम्पेलरची पाती वाकून तशीच कडक होतात, टाकीत दमट हवेचं पाणी धरतं आणि त्या पाण्यात जिवाणू वाढून काळा चिकट गाळ होतो जो लाटांत हलला की फिल्टर जाम करतो. आणि मुख्य म्हणजे एक्झॉस्ट एल्बो, जिथं गरम धुरात समुद्राचं पाणी सोडतात तो वाकडा पाइप, तो आतून सडतो, बाहेरून रंग छान दिसतो आणि आतून पाणी टर्बोत, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या भागात, नाहीतर थेट सिलिंडरमध्ये शिरतं, मग इंजिनच उघडावं लागतं. हा एल्बो शेवटचा कधी बदलला हे दोन्ही मालकांना विचारा, बिल मागा, बिल नसेल तर खोलून बघायची परवानगी मागा.

2600 तास नीट ठेवलेल्या, कमी ताकदीवर चालणाऱ्या मरीन डिझेलला जास्त नाहीत. फक्त ती नेमानं चालत आली का, तेल आणि गंज स्वतःवर घेणारे झिंकचे तुकडे वेळच्या वेळी बदलले का, हे बोटीच्या नोंदवहीवरून कळतं. वही नसेल तर भाव पाडा.

आता डिझेलचा हिशोब बघा, तो तिघांनी एकत्र बसून करा. संथ चालणाऱ्या बोटीचा वेग तिच्या लांबीनं बांधलेला असतो, पाण्यातली लांबी फुटांत धरून तिचं वर्गमूळ काढायचं आणि 1.34 नं गुणायचं, तुमच्या 34 फुटीला 31 फूट धरले तर साधारण साडेसात नॉट, म्हणजे तासाला साडेसात सागरी मैल निघतात. म्हणून ट्रॉलर साडेसहा-सातनं आरामात जाते, तासाला 8-10 लिटर पिते. ती दोन इंजिनवाली पाण्यावर उचलून धावणारी, 18-20 नॉटला तासाला 80 लिटरच्या आसपास जाईल. मुंबई ते रत्नागिरी साधारण 120 सागरी मैल धरा, तर एका बाजूला ट्रॉलरला दीडशे-पावणेदोनशे लिटर आणि मोठीला पाचशेच्या जवळ. वेळ ट्रॉलरला सतरा-अठरा तास लागेल हे खरं, पण तुम्ही तसंही मुरुड, हर्णै, जयगड असं थांबत जाणार ना. टाकीचे तीन भाग धरा, एक जायला, एक यायला, एक राखीव, राखीवला हात लावायचा नाही.

दोन इंजिनं म्हणजे सुरक्षित हे लोक म्हणतात ते अर्धंच खरं आहे, कारण टाकीत गाळ असला तर दोन्ही एकदमच बंद पडतात. उलट रायगडच्या किनाऱ्याला मासेमारीची डोल जाळी लावलेली असतात, त्यात उघडे प्रोपेलर अडकतात, ट्रॉलरचा एकच प्रोपेलर बहुतेक कीलच्या, म्हणजे तळाच्या कण्याच्या आड असतो. खाड्यांच्या तोंडावर वाळूचे दांडे आहेत, मुंबईकडे उधाणाला पाणी चार-पाच मीटरनं खालीवर होतं, त्यामुळे बोट पाण्यात किती खोल बसते हे विचारा आणि खाडीत भरतीलाच शिरा.

बघायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगा की इंजिन गार पाहिजे. पोचल्यावर ब्लॉकला हात लावून बघा, गरम असेल तर परत दुसऱ्या दिवशी या. गार चालू होताना थोडा पांढरा धूर चालतो, गरम झाल्यावरही राहिला तर इंजेक्टर किंवा पाणी, निळा म्हणजे तेल जळतंय, काळा म्हणजे इंजिनावर लोड जास्त नाहीतर हवा कमी. मग समुद्रात नेऊन दहा मिनिटं पूर्ण थ्रॉटल द्या, कंपनीनं सांगितलेले आरपीएम गाठले पाहिजेत, तापमान स्थिर राहिलं पाहिजे. आणि बोट पाण्याबाहेर काढल्याशिवाय पैसे देऊ नका. तळाला फोड आहेत का, प्लास्टिकच्या हातोडीनं ठोकताना कुठं आवाज बद्द येतो का, प्रोपेलरचा दांडा म्हणजे शाफ्ट हलतो का, तळाचे व्हॉल्व्ह हातानं फिरतात का, हे सगळं तुमच्या खर्चानं तुमचा सर्व्हेयर बघेल, दलालाने दिलेला नाही. रजिस्ट्रेशन, कर्ज फिटल्याचा कागद, बाहेरून आणलेली असेल तर कस्टमचे पेपर, हे वकिलाला दाखवा.

एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिलीच नाही, ती म्हणजे नागपूरहून बोट सांभाळणार कोण. समृद्धी झाला तरी 701 किलोमीटर नुसता तो रस्ताच आहे, दर आठवड्याला कोणी जाणार नाही, म्हणजे तुमची बोटही उभीच राहणार. म्हणून आधी किनाऱ्यावरचा भरवशाचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा माणूस, आणि मेकॅनिक शोधा, मग बोट. इंजिन असं घ्या ज्याचे पार्ट भारतात मिळतात. मच्छीमार बोटींवर किर्लोस्कर, अशोक लेलँड चालतात त्यामुळे साध्या डिझेलला हात घालणारी माणसं बंदरात भेटतात, इलेक्ट्रॉनिक कंट्रोलवाल्याला मात्र डीलरचा माणूस लॅपटॉप घेऊन यावा लागतो. तांडेलाला सांगा, पंधरा दिवसांतून एकदा बोट बाहेर काढून तासभर लोडवर चालवायची, धक्क्याला न्यूट्रलमध्ये दहा मिनिटं घुरघुर करून काही होत नाही, उलट काजळी धरते.

प्रश्न: जून ते सप्टेंबर बोटीचं काय करायचं? (मानेवाडा)

उत्तर: बाहेर काढून ठेवायची. यांत्रिक मासेमारीला 1 जून ते 31 जुलै बंदी असते पण समुद्र त्यानंतरही लगेच शांत होत नाही, कोळी लोक परंपरेनं नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून मगच दर्यात जातात आणि हौशी माणसानं त्यांच्याही मागून जावं. बोट ठेवायची जागा मार्चमध्येच बुक करा. काढताना इंजिनात गोडं पाणी फिरवा, टाकी काठोकाठ भरा म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही, इम्पेलर काढून ठेवा, बॅटऱ्या सोडवा.

प्रश्न: आईला बोट लागते. ट्रॉलर बरी की वेगवाली? (वर्धा रोड)

उत्तर: गोल तळाची ट्रॉलर आडव्या लाटेत जास्त डुलते हे आधीच सांगतो, त्यामुळे मोठी लाट असेल तेव्हा दिशा थोडी बदलून लाट तिरकी घ्यावी लागते. हिवाळ्यात पहाटे मतलई वारा असतो, समुद्र बराच सपाट असतो, दुपारी वायव्येकडून वारा वाढतो, म्हणून अंधार फिटल्याबरोबर निघा आणि दुपारी बाराच्या आत बंदरात शिरा. उत्तरेकडे परतताना तर हे पाळाच कारण तो वारा समोरून येतो. आईंना केबिनमध्ये झोपवू नका, बाहेर बोटीच्या मध्यावर बसवा आणि क्षितिजाकडे बघायला सांगा. बोट घ्यायच्या आधी डिसेंबरमध्ये एक दिवस भाड्याची बोट घेऊन त्यांना मांडव्यापर्यंत नेऊन आणा, म्हणजे घरातलं काय ते ठरेल.