मस्टँगला फाइव्ह-स्पीड बसवण्याआधी

प्रिय पोरी,

तुझा लांबलचक मेसेज वाचला, फोटो पण सगळे झूम करून करून बघितले. गाडी मस्त आहे. ६६ ची फोर्ड मस्टँग कूपे, २८९ घन इंचाचं इंजिन, आणि खालून फ्लोअरला एवढा कमी गंज, मिशिगनमध्ये रस्त्यावर मीठ टाकतात हे बघता आधीच्या मालकाने हिवाळ्यात ती बाहेर काढलीच नसणार. आता तुझा प्रश्न, सी-फोर ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काढून फाइव्ह-स्पीड मॅन्युअल टाकायचाय, तर टी-फाइव्ह घेऊ का टीकेएक्स, या दोन पाच गिअरच्या बॉक्सपैकी कुठला. तुझे बाबा फोनवर म्हणाले की तिला समजाव, चालतेय तशी चालू दे. मी तसं काही समजावणार नाहीये. ही गाडी क्लच मारत चालवायला फार गोड आहे आणि तुला ते शिकायचंय तर शिकायलाच हवं.

पण एक आधी. सी-फोर गळतोय म्हणून काढत असशील तर थांब. सी-फोर साधा आणि टिकाऊ बॉक्स आहे, पॅनचं गॅस्केट किंवा पुढचं सील एवढंच असेल तर एका वीकेंडचं काम आहे. गळती हे कारण पुरेसं नाही. तुला आय-७५ हायवेवर ७० ने आरामात जायचंय आणि स्वतः गिअर टाकायचेत, हे कारण पुरेसं आहे. सी-फोरला तीनच गिअर, वरचा गिअर सरळ एकास एक. मागचं डिफरन्शिअल, म्हणजे डिफ, ३.०० चं (शाफ्टचे तीन फेरे झाले की चाकांचा एक) आणि टायर साधारण २५ इंची धरला तर ताशी ७० मैलांना इंजिन २८०० आरपीएमच्या आसपास फिरतं, वरून ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असतो त्या कन्व्हर्टरची घसरण वेगळी. त्याच ठिकाणी ०.६८ चा पाचवा गिअर आला की १९०० वर येतं. शेजारच्या सीटवरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत नाही, इंजिन थंड राहतं, पेट्रोल वाचतं.

आता टी-फाइव्ह का टीकेएक्स. तू गाडीच्या पुढच्या बाजूने विचार करतेयस, मी सांगतो मागून सुरू कर. सगळ्यात आधी मागच्या डिफचा रेशो काढ, गिअरबॉक्सचं नाव त्यानंतर. दाराच्या प्लेटवर ॲक्सलचा कोड असतो, पण साठ वर्षांत मधे कोणी डिफ बदललं असेल तर ती प्लेट काही सांगणार नाही, म्हणून डिफच्या एका बोल्टखाली पत्र्याचा छोटा टॅग असतो तो शोध, आणि तोही नसेल तर हाताने मोज. एक मागचं चाक जमिनीवर, दुसरं वर उचललेलं, हँडब्रेक सोडलेला, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, मग वरचं चाक बरोबर दोन फेरे फिरव आणि प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून डिफपर्यंत जाणारा लांब दांडा) किती फेरे फिरला ते खडूच्या खुणेवरून मोज. तीन फेरे म्हणजे ३.००, तीनच्या जरा आत थांबला तर २.८०. साधं ओपन डिफ असेल तरच हे गणित लागू, लिमिटेड-स्लिप (एका चाकाला एकटं फिरू न देणारं) असेल तर दोन्ही चाकं उचलून एक फेरा फिरवायचा.

हे का महत्त्वाचं ते बघ. पहिला गिअर गुणिले डिफ, हा आकडा दहाच्या आसपास आला की गाडी सिग्नलवरून छान सुटते. ९० ते ९३ च्या मस्टँग ५.० (पाच लिटर इंजिनवाली) मधला टी-फाइव्ह घेतलास तर पहिला गिअर ३.३५, पाचवा ०.६८. ३.०० च्या डिफला तो १०.०५, एकदम फिट. पण उद्या कोणाचं ऐकून ३.५५ चं डिफ टाकलंस तर तोच आकडा जवळजवळ १२ होतो, म्हणजे चौक ओलांडायच्या आत दुसरा गिअर मागतो, पहिला गिअर असून नसल्यासारखा. ३.५५ ला मग झी-स्पेकचा, म्हणजे टी-फाइव्हच्याच दणकट प्रकारातला, २.९५ वाला बॉक्स किंवा टीकेएक्सचा २.८७ वाला बरोबर बसतो. उलटी चूक पण लोक करतात, २.८० चं डिफ तसंच ठेवायचं आणि ०.६३ चा पाचवा घ्यायचा, मग ७० ला इंजिन साडेसोळाशेवर रडत बसतं आणि जरा चढ आला की चौथ्यात यावं लागतं. पाचवा गिअर विकत घेतला आणि वापरला कधीच नाही. तुझ्या गाडीला व्ही-एट असल्यामुळे मागे आठ इंची डिफ असणार, त्याचा आतला सगळा गाभा पुढून अख्खा बाहेर निघतो, त्यामुळे रेशो बदलणं त्या मानाने सोपं आहे आणि ३.२५ किंवा ३.५५ कडे जायचं असेल तर हीच वेळ, शाफ्ट तसाही खाली येणारच आहे.

ताकदीचं म्हणशील तर टू-बॅरल कार्बोरेटरचं २८९ फोर्डच्या त्या वेळच्या मोजणीत २८२ फूट-पाउंड टॉर्क द्यायचं. त्या ५.० मधल्या टी-फाइव्हचं रेटिंग ३००, झी-स्पेकचं ३३०, टीकेएक्सचं ६००. म्हणजे इंजिन आहे तसं ठेवणार असशील आणि ड्रॅग स्ट्रिपवर जाणार नसशील तर टी-फाइव्ह भरपूर झाला, हलका आहे, शिफ्ट मऊ आहे आणि ६६ च्या टनेलमध्ये (फ्लोअरच्या मधल्या फुगवट्यात) पत्रा न कापता बसतो. टीकेएक्स दणकट आहे, त्याची केस आधीच्या टीकेओ बॉक्सपेक्षा लहान केलीय ती मुद्दाम अशा जुन्या गाड्यांसाठीच, पण तुझ्या इंजिनाला त्याची गरज नाही आणि ते पैसे मला डिफ, क्लच आणि ब्रेकवर गेलेले आवडतील. जुना टी-फाइव्ह घेतलास तर टेलहाउसिंगच्या (बॉक्सच्या मागच्या भागाच्या) बोल्टवर १३५२ ने सुरू होणारा टॅग नंबर बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस. चार सिलिंडरच्या मस्टँगमधला बॉक्स दिसायला तसाच असतो पण त्याचा पहिला गिअर ३.९७ पर्यंत छोटा असतो आणि तो एवढा टॉर्क झेलायला बनवलेलाच नाही. टॅग नसेल तर सरळ निघून ये.

मग फ्लायव्हील, क्रँकच्या मागे बसणारं जड चाक, ज्यावर क्लच बसतो. इथे मला तुझी खरी काळजी वाटते, कारण चुकीचं फ्लायव्हील बोल्टला बोल्ट लागून मस्त बसतं आणि इंजिन आतून थरथरून स्वतःचे बेअरिंग खातं. मूळ २८९ चं बॅलन्स, म्हणजे तोल साधायला मुद्दाम ठेवलेलं एका बाजूचं वजन, २८ औंस-इंच आहे, ८० च्या दशकातल्या ५.० चं ५० औंस-इंच. जंकयार्डमधून टी-फाइव्हबरोबर 'हे पण घेऊन जा' म्हणून जे फ्लायव्हील देतात ते पन्नासचं असतं, ते तुझ्या २८९ ला चालत नाही. आणि हेही बघ की गाडीत खरंच २८९ च आहे ना, का मधे कोणी नंतरचं ३०२ घन इंचाचं इंजिन टाकून वर २८९ चं स्टिकर लावलंय. पुढच्या बॅलन्सरवर पुली किती बोल्टने धरलीय ते बघ, तीन असले तर जुनं, चार असले तर ७० नंतरचा बॅलन्सर आहे आणि मग फ्लेक्सप्लेट (ऑटोमॅटिकमध्ये फ्लायव्हीलच्या जागी असते ती पातळ तबकडी) काढल्यावर तिच्यावरचं वजन नीट तपासून, नंबर जुळवूनच फ्लायव्हील ऑर्डर करायचं. फ्लायव्हीलच्या दातांप्रमाणे इंजिन आणि बेल हाउसिंगच्या (क्लचवरचं घंटेसारखं आवरण, त्याला मागे गिअरबॉक्स लागतो) मधली पातळ प्लेट आणि स्टार्टर पण बदलतो, ऑटोमॅटिकचा स्टार्टर मॅन्युअलला चालत नाही. पायलट बेअरिंग (क्रँकच्या टोकाला, गिअरबॉक्सच्या शाफ्टला आधार देणारं) नवीन, रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की क्लच सोडवणारं) नवीन, क्लच प्लेट टी-फाइव्हच्या दहा स्प्लाइनच्या शाफ्टला जुळणारी.

आता जे कोणीच करत नाही ते सांगतो, आणि हे तू केलंच पाहिजेस. बेल हाउसिंग ब्लॉकला लावलं की त्याचं मधलं गोल भोक क्रँकच्या बरोबर मध्यावर आहे का ते डायल इंडिकेटरने (काट्यावर बारीक फरक दाखवणारं मापन यंत्र) मोजायचं. बेल हाउसिंग वेगळ्या कारखान्यातलं, ब्लॉक साठ वर्षांपूर्वीचा, दोघं आपोआप एका रेषेत येतील असं धरून चालता येत नाही. इंडिकेटरचा मॅग्नेटिक बेस फ्लायव्हीलवर, काटा भोकाच्या आतल्या कडेवर, सगळे स्पार्क प्लग काढून ठेव म्हणजे क्रँक हाताने हलका फिरेल, आणि हळूहळू एक पूर्ण फेरा. काट्याचा कमीत कमी ते जास्तीत जास्त फरक एक इंचाच्या पाच हजारांशाच्या आत हवा, म्हणजे ०.००५. जास्त आला तर घाबरू नकोस, ब्लॉकच्या मागे बेल हाउसिंगची जागा पक्की करणाऱ्या दोन डॉवेल पिना असतात, त्या काढून बसवायला मध्य जरा सरकवलेले ऑफसेट डॉवेल मिळतात, ०.००७, ०.०१४, ०.०२१ इंचाचे. एक गोष्ट मात्र डोक्यात ठेव, काटा दाखवतो त्याच्या निम्मं भोक सरकलेलं असतं. १६ हजारांश वाचलंस तर भोक ८ ने सरकलंय, म्हणून ७ चा डॉवेल, १४ चा नाही. डॉवेल फिरवत फिरवत परत मोजायचं, कंटाळा येतो, दुपार जाते, जाऊ दे. बेल हाउसिंगचा मागचा सपाट चेहरा पण त्याच इंडिकेटरने तपास.

हे नाही केलं तर काय होतं? लगेच काहीच नाही. गाडी चालते, सगळे फोटो काढतात. मग काही महिन्यांनी पायलट बेअरिंग ओरडायला लागतं, थंडीत दुसरा गिअर अडतो, चौथा कधीतरी आपोआप बाहेर येतो, आणि माणूस गिअरबॉक्सला शिव्या देत तो परत उतरवतो, रिबिल्ड करतो, परत चढवतो, परत तेच. बॉक्समध्ये काहीच बिघडलेलं नसतं.

चढवताना गिअरबॉक्स ट्रान्समिशन जॅकवर घे, छातीवर नको. गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट क्लचमध्ये शिरला आणि शेवटचा अर्धा इंच जात नसेल तर बोल्ट आवळून ओढू नकोस, टी-फाइव्हची केस ॲल्युमिनियमची, तिचे कान तुटतात. मागे घे, क्लच प्लेट परत सेंटर कर, परत घाल. आणि बॉक्सचा भार क्लच प्लेटच्या हबवर लोंबकळत ठेवून चहाला जाऊ नकोस, हब वाकतो आणि मग क्लच कधीच पूर्ण सुटत नाही. गाडीखाली जाताना चारही स्टँड, फक्त जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही.

पेडल. ६६ च्या मॅन्युअल गाडीची अख्खी पेडल असेंब्ली मिळते, त्यासाठी स्टिअरिंग कॉलम खाली सोडावा लागतो, डॅशखाली उलटं झोपून करायचं काम आहे, मान दुखेल. क्लच ओढायला मी झेड-बारच (पेडलचा जोर क्लचपर्यंत नेणारा जुन्या पद्धतीचा दांडा) सुचवेन, तुझ्या ब्लॉकला त्याच्या पिव्हटची जागा मुळात दिलेलीच आहे. हायड्रॉलिक पायाला हलकं असतं पण बेलच्या आतलं रिलीज बेअरिंग गळलं की अख्खा बॉक्स परत खाली, आणि केबल लावली तर ६६ चा फायरवॉलचा पातळ पत्रा वाकतो, त्याला मागून पट्टी द्यावी लागते.

बाकीचं भराभर. टी-फाइव्हचं मागचं टोक २८ स्प्लाइनचं, सी-फोरचंच योक (प्रोपेलर शाफ्टचं बॉक्समध्ये शिरणारं टोक) त्यात जातं, पण त्या शाफ्टची लांबी मोजल्याशिवाय कापायला देऊ नकोस, आणि मोजताना गाडी चाकांवर उभी हवी. गिअरबॉक्सचा आणि डिफच्या पिनियनचा (शाफ्ट जिथे जोडतो त्या टोकाचा) कोन डिजिटल गेजने बघ, शाफ्टच्या दोन्हीकडच्या क्रॉसला, म्हणजे सांध्यांना, एक ते तीन डिग्री कोन मिळावा आणि दोघांमध्ये एक डिग्रीपेक्षा जास्त फरक नको, नाहीतर ६० च्या पुढे सीटखाली गुणगुण सुरू होते. न्यूट्रल सेफ्टी स्विचच्या (गिअरमध्ये असताना गाडी सुरू होऊ न देणाऱ्या) वायरी नुसत्या जोडून मोकळी होऊ नकोस, क्लच पेडलला स्विच लाव, गिअरमध्ये असताना किल्ली फिरवली आणि गाडीने उडी मारली तर गॅरेजच्या भिंतीपाशी कोण उभं असेल सांगता येत नाही. डिफ बदललंस तर स्पीडोमीटरचं प्लॅस्टिकचं छोटं गिअर पण बदल. ऑइल डेक्सरॉन किंवा मरकॉन एटीएफ (ऑटोमॅटिकमध्ये घालतात ते पातळ ऑइल), पावणेतीन लिटरच्या आसपास, जाड गिअर ऑइल अजिबात नाही, आतल्या सिंक्रोच्या (गिअर अलगद पडावा म्हणून असतात त्या) रिंगांना ते मानवत नाही. आणि पहिले ५०० मैल गावातल्या गावात, सिग्नल-सिग्नल चालव, हायवे नको, क्लच बसायला वेळ लागतो.

काढलेला सी-फोर, त्याचा कन्व्हर्टर, शिफ्टर, जुनं पेडल, सगळं पुसून, चिठ्ठ्या लावून बेसमेंटमध्ये ठेव. एकही मूळ पत्रा कापू नकोस. उद्या तू ही गाडी विकशील किंवा कोणाला देशील, त्याला ती मूळ रूपात न्यायची असेल तर नेता आली पाहिजे.

हो, बाबा विचारत होते की पुण्यातल्या त्यांच्या पद्मिनीचा स्टिअरिंगवरचा गिअर काढून असंच पाच गिअरचं काही करता येईल का. त्यांना सांग, तिकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये असले बदल करायला ते आडवं येतं, त्यामुळे आधी आरटीओत नीट चौकशी, मग मेकॅनिक. ९० च्या दशकात ॲम्बेसेडरला इसुझूचं १८०० चं इंजिन आणि फ्लोअरवरचा पाच गिअरचा बॉक्स मिळाला, पण तो कंपनीनेच दिला होता, ती गोष्ट वेगळी. त्यांची पद्मिनी मला आहे तशीच आवडते.

तर आता या आठवड्यात एवढं कर. डिफचा टॅग किंवा मोजलेले फेरे, दाराच्या प्लेटचा फोटो, पुढच्या पुलीचे बोल्ट किती, टायरचा साइज. हे मला पाठव, मग आपण फोनवर बसून बॉक्स ठरवू. तोपर्यंत फ्लायव्हील ऑर्डर करू नकोस, सेल असला तरी. डायल इंडिकेटर विकत घ्यायची गरज नाही, माझ्याकडचा घेऊन जा, शनिवारी दुपारी मी घरीच आहे.

तुझा,
काका